कुमारांच्या कपाटात ही पाच हवीतच

● धाडस : ‘फास्टर फेणे’ – भा. रा. भागवत. फुरसुंगीचा बनेश, पुण्यातली शाळा, सायकल आणि अंगावर घेतलेल्या भानगडी.

● घर-गाव : ‘वनवास’ – प्रकाश नारायण संत. आजोळी वाढणारा लंपन. आवडला तर पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’.

● विज्ञानकथा : ‘यक्षांची देणगी’ – जयंत नारळीकर. कथा छोट्या, एका बैठकीत एक संपते.

● चरित्र : ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) – वीणा गवाणकर. गुलामीत जन्मलेला मुलगा कृषिशास्त्रज्ञ कसा झाला, त्याची गोष्ट.

● प्राणी : ‘नेगल’ – विलास मनोहर. हेमलकशात माणसांसोबत वाढलेला बिबट्या.

पालकांनो, पुस्तक हाताशी ठेवा. वाचल्यावर प्रश्न मात्र विचारू नका. पन्नास पानांत मन रमलं नाही, तर खुशाल दुसरं घेऊ द्या.