स्वयंपाकघरांतील किमया

युरोपांतील अतिवास्तववादी चित्रकारांनीं स्त्रीला स्फूर्तिदेवता म्हणून पूजिलें. परंतु कुंचला हातीं धरणाऱ्या स्त्रीला बरोबरीचें आसन क्वचितच दिलें. स्पेनची रेमेदियोस वारो (१९०८-१९६३) व इंग्लंडची लिओनोरा कॅरिंग्टन (१९१७-२०११) यांना दुसऱ्या महायुद्धानें मेक्सिकोंत आणून सोडिलें. तेथें दोघींचें सख्य जुळलें आणि किमया, जादू इत्यादि गूढविद्यांचा त्यांना जणूं छंदच लागला.

कॅरिंग्टन अंड्याच्या बलकांत रंग कालवी. पाकक्रिया व किमया तिला सख्ख्या बहिणी वाटत. वारोच्या ‘तारकांची खिमटी’ (१९५८) या चित्रांत उंच मनोऱ्यांत बसलेली स्त्री यंत्रानें तारकांचें चूर्ण दळून पिंजऱ्यांतील चंद्रकोरीला चमच्यानें भरवीत आहे.

हा केवळ भोळा गूढवाद नव्हे. जग ज्याला क्षुद्र समजतें त्या दळण्याकालविण्यांत सृष्टि पोसण्याचें सामर्थ्य आहे, असेंच हीं चित्रें सांगतात. मात्र मनोऱ्यांतील ती स्त्री एकटी आहे, आणि चंद्रहि बंदिवान आहे, हें विसरून चालणार नाहीं. स्त्रीच्या श्रमाचा गौरव करून तिला कोंडूनच ठेवावयाचें असेल, तर तो गौरव काय कामाचा? कॅरिंग्टननें १९७२ सालीं मेक्सिकोंतील स्त्रीमुक्तीच्या चळवळीसाठीं भित्तिपत्रक रंगविलें, तें उगाच नव्हे.