धुक्याच्या आडोशाने

१९ नोव्हेंबर १९३१. सकाळी नानजिंगहून बेइपिंगकडे, म्हणजे आजच्या बीजिंगकडे, एक छोटे टपाल-विमान निघाले. त्यात दोन वैमानिक होते, टपालाच्या थैल्या होत्या आणि एकच प्रवासी होता. त्याला त्याच संध्याकाळी बेइपिंगमध्ये एका मैत्रिणीचे वास्तुकलेवरचे व्याख्यान ऐकायचे होते. तिकीट विमान कंपनीनेच फुकट दिलेले होते. जीनान शहराजवळ विमान दाट धुक्यात शिरले आणि डोंगराला धडकले. तिघांपैकी कोणीही वाचले नाही. विमानाचे नावही ‘जीनान’च होते. तो प्रवासी म्हणजे शू झीमो, आधुनिक चिनी कवितेतले फार मोठे नाव. १९२४ साली रवींद्रनाथ ठाकूर चीनला गेले, तेव्हा त्यांची भाषणे चिनी श्रोत्यांना उलगडून सांगणारा दुभाषा हाच. गेला तेव्हा तो अवघा ३४ वर्षांचा होता.

विमान होते ‘चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन’चे. वैमानिक तिला आद्याक्षरे जोडून ‘सीनॅक’ म्हणत. या कंपनीच्या अपघातांचा इतिहास वाचू लागले की धुके पुन्हा पुन्हा भेटते. पण दर वेळी त्याच्याशी असलेले नाते बदललेले असते. शांततेत ते वैरी होते, युद्धात आडोसा झाले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा वैरी झाले. हा शेवटचा पालट कंपनीने वेळेवर ओळखला नाही. त्याची किंमत प्रवाशांनी आणि वैमानिकांनी जिवाने चुकती केली.

नदीच्या वाटेने

१९२९ च्या ऑक्टोबरात यांगत्से नदीवर शांघाय ते हँकाउ अशी हवाई सेवा सुरू झाली. विमाने पाण्यावर आणि जमिनीवर, दोन्हीकडे उतरणारी होती. १९३० साली कंपनीची नवी घडी बसली. ५५ टक्के वाटा चीन सरकारचा आणि ४५ टक्के अमेरिकन भांडवलाचा. तीन वर्षांनी तो अमेरिकन वाटा ‘पॅन अमेरिकन’ने विकत घेतला. कारभाराची सूत्रे विल्यम लँगहॉर्न बाँड या अमेरिकन माणसाकडे होती. ती त्याने युद्धकाळातही सांभाळली.

त्या काळच्या चीनमध्ये भरवशाचे नकाशे नव्हते, वाटेत हवामान सांगणारी केंद्रे नव्हती, रस्ते तर जवळजवळ नव्हतेच. नदी हाच नकाशा. पुढे राजधानी झालेल्या चुंगकिंगची धावपट्टी यांगत्सेच्या पात्रातल्या एका बेटावर होती. पावसाळ्यात पुराचे पाणी चढले की ती बुडून जाई. दोन्ही काठांवर कडे उभे. विमानातून उतरलेला प्रवासी शेकडो पायऱ्या चढून गावात पोचे. अशा ठिकाणी ढग खाली आले की विमान काढायचे नाही, हाच शहाणपणाचा नियम. आपल्याकडे पावसाळ्यात घाट उतरणारा जुना ड्रायव्हर दरीतून धुके वर आलेले पाहून गाडी कडेला लावतो, त्याच जातीचे हे शहाणपण.

‘क्वेलिन’ची सकाळ

१९३७ साली जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले आणि हे शहाणपण उलटेपालटे झाले.

२४ ऑगस्ट १९३८ रोजी सकाळी आठच्या सुमारास ‘क्वेलिन’ नावाचे डीसी-२ विमान हाँगकाँगहून चुंगकिंगला निघाले. वैमानिक होता ह्यू वुड्स. विमान प्रवासी होते, त्यावर एकही शस्त्र नव्हते. हाँगकाँगची हद्द ओलांडली आणि थोड्याच वेळात जपानी लढाऊ विमाने मागे लागली. वुड्सने विमान खाली घेतले. पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात सगळीकडे बांध घातलेली भातखाचरे, तिथे उतरणे म्हणजे चक्काचूर. म्हणून त्याने विमान नदीच्या पाण्यावर टेकवले. ते अलगद उतरले, आतली माणसे सुखरूप होती. पण जपानी विमाने वळून वळून आली आणि तरंगत्या विमानावर मशीनगन चालवत राहिली. वाचले फक्त तिघे: वुड्स, रेडिओ ऑपरेटर आणि एक प्रवासी. शत्रूच्या विमानांनी प्रवासी विमान पाडल्याची जगातली ही पहिली घटना मानली जाते.

त्यानंतर आठवडाभराने, १ सप्टेंबरला, मुंबईहून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक बोटीने चीनकडे निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांना कँटनला पोचायचे होते ते याच पर्ल नदीच्या मुखातून. कोटणीस कुठल्या आगीत पाऊल टाकत होते, ते या एका घटनेवरून कळते.

‘क्वेलिन’ नदीतून बाहेर काढले गेले, दुरुस्त झाले आणि ‘चुंगकिंग’ या नव्या नावाने पुन्हा उडू लागले. २९ ऑक्टोबर १९४० रोजी युन्नान प्रांतातल्या चांगी या धावपट्टीवर ते उतरले असताना जपानी विमानांनी पुन्हा गाठले. वैमानिक वॉल्टर केंटसह नऊजण मारले गेले. एकच विमान दोनदा बळी पडले.

यातून कंपनीने जो धडा घेतला, तो कोणत्याही विमानविद्यालयात शिकवला गेला नसता. निरभ्र आकाश टाळायचे. हाँगकाँगहून रात्री निघायचे, ढग असतील तर उत्तम, पाऊस असेल तर त्याहून उत्तम. उतरायच्या ठिकाणचे दिवे विमान डोक्यावर येईपर्यंत विझलेले. जिथे एरवी वैमानिक मागे फिरला असता, तिथेच आता तो आत शिरू लागला. आणि हे चुकीचे नव्हते. ८ डिसेंबर १९४१ ला जपानने हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावर बाँब टाकून कंपनीची कित्येक विमाने जाळली. उरलेल्या थोड्या विमानांनी पुढच्या रात्रींत अंधाराच्या आधाराने शेकडो माणसे वेढ्याबाहेर काढली. चिनी क्रांतीचे दिवंगत नेते सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंगही त्यांतच होत्या.

उसना पंख

जिद्द आणि जोखीम या काळात किती जवळ नांदत होत्या, ते एका पंखावरून दिसते. मे १९४१ मध्ये सुइफू इथे जमिनीवर उभ्या असलेल्या डीसी-३ विमानाचा उजवा पंख जपानी बाँबने उडाला. डीसी-३ चा जादा पंख कंपनीकडे नव्हता. हाँगकाँगला होता तो जुन्या डीसी-२ चा, जवळजवळ पाच फुटांनी आखूड. कारागिरांनी तो पंख दुसऱ्या एका विमानाच्या पोटाखाली बांधला आणि वैमानिक हॅरल्ड स्वीटने तो शेकडो मैल उडवत सुइफूला नेला. तिथे तो जोडला गेला. एक पंख लांब, एक आखूड, अशा अवस्थेत ते विमान हाँगकाँगला परत आले. लोकांनी त्याला ‘डीसी-अडीच’ म्हटले.

या गोष्टीतल्या कारागिरांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘नियमात बसत नाही, पण उडते’ हा अनुभव एकदा पदरी पडला की नियमाचे वजन मनातून हळूहळू कमी होते. मे १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडत असताना मून चिन या चिनी-अमेरिकन वैमानिकाने २१ आसनांच्या विमानातून सत्तरहून अधिक माणसे मिचिनाहून भारतात आणली. टोकियोवर बाँबहल्ला करून परतणारे जिमी डूलिटल त्याच विमानात होते. त्या दिवशी मून चिनने वजनाचा हिशेब केला असता तर पन्नास माणसे शत्रूच्या हाती सापडली असती. तो बरोबरच वागला. चुंगकिंग, मिचिना, कलकत्ता ही वाट त्याच्या बोटांवर होती, म्हणून ते निभावले. पुढे तो वयाच्या ११० वर्षांपर्यंत जगला.

दिंजान ते कुनमिंग

एप्रिल १९४२ च्या अखेरीस लाशिओ पडले आणि ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता तुटला. आता चीनला पेट्रोल, दारूगोळा, औषधे, अगदी छापलेल्या चलनी नोटासुद्धा पोचवायच्या तर आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरूनच. दिब्रुगडजवळच्या दिंजानहून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर. या वाटेला वैमानिकांनी नाव दिले ‘हंप’, म्हणजे उंटाची मदार.

नकाशावर सरळ रेघ मारली तर वाट थोडी सोपी होती. पण मिचिनाची धावपट्टी जपान्यांच्या हाती गेली आणि तिथल्या लढाऊ विमानांच्या भीतीने मालवाहू विमानांना उत्तरेला, अधिक उंच शिखरांवरून वळसा घ्यावा लागला. शत्रूला चुकवायचे तर डोंगर जवळ करायचा, असा तो सौदा होता. इरावती, साल्विन, मेकाँग यांच्या खोल दऱ्या आणि त्यांच्यामधल्या पंधरा हजार फुटांच्या भिंती. भरलेल्या सी-४७ मालवाहू विमानाला त्या उंचीवर धाप लागे.

रात्रीची खेप कशी असे, ते जरा जवळून पाहू. बाहेर काळोख आणि ढग. पंखांच्या पुढच्या कडेवर बर्फ धरू लागतो, वजन वाढते, पंखाचा आकार बिघडतो. पंख्याच्या पात्यांवरचा बर्फ सुटून विमानाच्या अंगावर धाडधाड आदळतो. दिशा दाखवणारी रेडिओची सुई कुनमिंगच्या केंद्राकडे वळायला हवी, पण वादळात ती विजेच्या लखलखाटाकडे वळते. एखाद्या कड्यामागे वाऱ्याची खालची ओढ लागली की दोन्ही इंजिने पूर्ण जोरात चालवूनही उंचीमापकाचा काटा खालीच जात राहतो. कॉकपिटमध्ये तिघे: एक वैमानिक, एक सहवैमानिक, एक रेडिओ ऑपरेटर. शेवटचे दोघे बहुधा चिनी, वैमानिकांतही बरेच चिनी आणि चिनी-अमेरिकन. परतीच्या वाटेवर टंग्स्टन, कथील, डुकराचे राठ केस असा माल भरून हेच सगळे पुन्हा.

एप्रिल १९४२ ते सप्टेंबर १९४५ या काळात कंपनीने या वाटेवर ३८,००० हून अधिक खेपा केल्या आणि सुमारे १,१४,५०० टन माल वाहिला. ३८ विमाने गेली, ८८ कर्मचारी गेले. यातली काही विमाने शत्रूने पाडली, पण बहुतेकांचा घास बर्फाने, वाऱ्याने आणि न दिसलेल्या डोंगराने घेतला.

थकव्याचाही हिशेब मांडायला हवा. अमेरिकन वैमानिकांचा ठरलेला पगार महिन्याला ६० तासांच्या उड्डाणासाठी होता, त्यापुढच्या तासांना चढता भत्ता. साहजिकच साठाचे शंभर तास होत. चिनी सहकाऱ्यांना त्याच धोक्याचे पैसे पुष्कळ कमी मिळत. शेजारीच अमेरिकन लष्कराची विमानेही हंपवरून जात. तिथे ६५० तास भरले की वैमानिकाला घरी पाठवत. परिणाम असा की पोरे घरी लवकर जाण्यासाठी थकून, डोळे ताणून तास भरत आणि डोंगरावर आदळत. सप्टेंबर १९४४ मध्ये विल्यम टनर यांनी त्या लष्करी वाहतुकीची सूत्रे घेतली आणि अट बदलली: ७५० तास आणि शिवाय किमान एक वर्ष मुक्काम. घाईतला फायदाच गेला. प्रत्येक अपघाताची छाननी सुरू झाली, विमानांची तपासणी शिस्तीत आली. माल वाढत गेला आणि अपघातांचे प्रमाण मात्र उतरले. म्हणजे हंपवरचे सगळेच मृत्यू निसर्गाने नेलेले नव्हते. काही मृत्यू कागदावर लिहिलेल्या अटींनी ओढवलेले होते.

काळा नाताळ

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले. आता आकाशात शत्रू नव्हता. युद्धातून उरलेली स्वस्त विमाने, विशेषतः मोठी सी-४६, भराभर प्रवासी वाहतुकीला लागली. आगगाड्यांचे रूळ उखडलेले, यादवी पेटलेली, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे घरी परतायचे होते. विमाने मात्र युद्धातलीच होती, आणि सवयीही युद्धातल्याच.

२५ डिसेंबर १९४६ च्या संध्याकाळी शांघायवर दाट धुके उतरले. त्यात उतरण्याच्या प्रयत्नात काही तासांच्या आत तीन प्रवासी विमाने कोसळली. दोन ‘सीनॅक’ची, एक दुसऱ्या सरकारी कंपनीची. साठहून अधिक माणसे गेली. चीनमध्ये तो दिवस ‘काळा नाताळ’ म्हणून ओळखला जातो. पुढच्याच महिन्यात, ५ जानेवारी १९४७ ला, कंपनीचे आणखी एक सी-४६ चिंगदावजवळ डोंगरावर आदळले आणि ४३ जण मरण पावले. २१ डिसेंबर १९४८ ला शांघायहून हाँगकाँगला येणारे डीसी-४ खाली आलेल्या ढगांत बेसाल्ट नावाच्या बेटावर धडकले. त्यात कंपनीचे एक संचालक, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे नातू क्वेंटिनही होते.

या अपघातांना धुके कारण आहेच. पण १९३१ च्या धुक्यात आणि १९४६ च्या धुक्यात मला मोठा फरक दिसतो. मधल्या युद्धाच्या आठ वर्षांत ‘धुक्यात शिर, वाचशील’ हा धडा हजारो रात्री खरा ठरला होता. तो ज्यांना शिकवला ते निष्काळजी नव्हते, ते त्या काळातले सर्वांत कसलेले वैमानिक होते. पण शांतता आली तेव्हा ‘आता मागे फिरायला, थांबायला परवानगी आहे’ हे त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे होते, आणि नुसते सांगून भागणार नव्हते. धुक्यात उतरवणारी यंत्रणा, दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल एवढे इंधन, ‘आज नाही’ म्हणणाऱ्या वैमानिकाच्या पाठीशी उभी राहणारी कचेरी, हे सगळे हवे होते. युद्धात कामाला आलेले धाडस शांततेत नियम म्हणून चालवले, तर त्याचे बिल प्रवाशाच्या नावावर फाटते.

कंपनीचा शेवट वेगळ्याच तऱ्हेने झाला. ९ नोव्हेंबर १९४९ रोजी दोन्ही सरकारी कंपन्यांची मिळून १२ विमाने हाँगकाँगहून उडून साम्यवादी चीनमध्ये गेली. मागे राहिलेल्या विमानांवर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत खटला चालला. कंपनी संपली.

त्रेपन्न नंबर

११ मार्च १९४३ रोजी कंपनीचे ५३ क्रमांकाचे सी-५३ विमान कुनमिंगहून परतताना चीन-ब्रह्मदेश सीमेवरच्या पियानमा खिंडीजवळ कोसळले. वैमानिक जिमी फॉक्स आणि त्याचे दोन चिनी साथीदार गेले. फॉक्सचा एक सहकारी वैमानिक, फ्लेचर हँक्स, उतारवयात त्या डोंगरात चढून गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी त्याने ते विमान शोधून काढले. आज ते पियानमाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.

हंपवर पडलेल्या बहुतेक विमानांच्या नशिबी चौकशी नव्हती. अवशेषांपर्यंत पोचताच येत नसे. दिंजानच्या फळ्यावर विमानाच्या आकड्यापुढे ‘आले नाही’ एवढीच नोंद, आणि दुसऱ्या रात्री त्याच वाटेने दुसरे विमान. अपघाताची चौकशी म्हणजे गेलेल्या माणसाला शेवटचे बोलू देणे. ते बोलणे ऐकले गेले नाही, म्हणून पुढच्याला तीच चूक पुन्हा करावी लागली. त्या काळी डोंगर अडवत होते, युद्ध अडवत होते. आज चौकशीला असे काही आडवे येत नाही. म्हणून एखादे विमान पडले की ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांवर फाईल बंद होताना मला त्या ८८ जणांची आठवण येते. त्यांच्यातल्या पुष्कळांना कोणी विचारलेच नाही की नेमके काय झाले.