जुना बोलिंग बॉल, नव्या हातासाठी

दुसऱ्याच्या पंजाच्या मापाचा बोलिंग बॉल तसाच वापरू नका. अंगठा आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर थोडं चुकलं, तरी बॉल निसटेल म्हणून आपण तो आवळून धरतो आणि मनगट दुखावतं. बोलिंगच्या सामानाच्या दुकानात, म्हणजे प्रो शॉपमध्ये, जुनी भोकं द्रव रेझिनने काठोकाठ, किंचित वर येईल इतकी भरतात. ते पूर्ण कडक झालं की उंचवटा घासून सपाट करतात, मग तुमच्या मापाने नवी भोकं पाडतात. आतला गाभा जागचा हलत नाही, म्हणून भोकांची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते; बॉलचं वळण त्यावरही अवलंबून असतं. अमेरिकेत बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसीने १ ऑगस्ट २०२० पासून तोल साधण्यासाठीचं जादा भोक बंद केलं, तेव्हा अशी भोकंही बुजवावी लागली. तडा गेलेल्या बॉलवर मात्र भोकं बुजवून नवी पाडण्याचा खर्च करू नका.