पाच महिन्यांची बॅटरी, आठवड्याची गल्ली

बिनवायरच्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर बॅटरी किती महिने चालेल ते ठळक छापलेलं असतं, आणि गिऱ्हाईक तो आकडा बॅटरीचा गुण समजून घरी नेतं. माझ्या मते तो गुण बॅटरीचा नाहीच, कॅमेरा ज्या दारावर लावला त्या दाराचा आहे. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांच्या पोटात 18650 नावाचा लिथियम सेल असतो: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, सरासरी 3.7 व्होल्टचा. 2600 मिलिअँपिअर-तासांचा सेल धरला तर त्यात साधारण 9.6 वॅट-तास एवढी शिदोरी भरते. एक वॅट खाणारा कॅमेरा सतत जागा ठेवला, तर ती दहा तासांच्या आतच संपेल. म्हणून हे यंत्र दिवसभर झोपून असतं. अंगाची ऊब हेरणारा एक सेन्सर तेवढा पहारा देतो, आणि समोरून काही उबदार हललं की कॅमेऱ्याला उठवतो.

आता हिशेब मांडू. झोपेतला खर्च एक मिलिवॅट आणि प्रत्येक जाग पंधरा सेकंदांची धरली, तर दिवसाला दहा वेळा उठणारा कॅमेरा जवळजवळ पाच महिने चालतो. तोच दिवसाला तीनशे वेळा उठला, तर आठवड्यात गळपटतो. कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत कित्येक घरांचं दार थेट गल्लीत उघडतं. पहाटे तालमीला निघालेली पोरं, मग दूधवाला, मोपेडी, भटकी कुत्री. तीनशेचा आकडा तिथं फुगवलेला वाटणार नाही. उलट करवीर तालुक्यातल्या एखाद्या मळ्यावरच्या मोटरीच्या खोलीकडे दिवसाला चार माणसं फिरकली तरी पुष्कळ. सेल तोच, नशीब वेगळं.

यावर कोणी म्हणेल, ॲपमध्ये टक्के दिसतात की, उतरली की चार्ज करू. इथंच व्होल्टेजची गोम आहे. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्ट दाखवतो आणि तीनच्या आसपास गेला की संरक्षक सर्किट त्याला तोडतं. पण मधल्या मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज इतकं सावकाश उतरतं की त्यावरून टक्के काढणं म्हणजे बरंचसं अंदाजपंचे. शिवाय ते टक्के बहुधा झोपेतले. कॅमेरा उठतो, वायफाय शोधतो, रात्र असेल तर इन्फ्रारेड दिवे पेटवतो, तेव्हा अर्धा अँपिअर एकदम ओढला जातो. नव्या सेलचा अंतर्गत रोध एक दशांश ओहम असेल, तर व्होल्टेज 0.05 ने खाली येतं आणि कोणाला कळतही नाही. जुन्या सेलचा रोध 0.4 ओहमवर गेला असेल, तर तेच 0.2 ने कोसळतं. झोपेत 3.2 व्होल्ट दाखवणारा सेल उठल्याक्षणी 3.0 वर येतो आणि कॅमेरा बंद. हे रात्रीच जास्त घडतं, कारण दिवे रात्रीच पेटतात. चोरही तेव्हाच येतो, हे वेगळं सांगायला नको.

सोलर पॅनलचा पर्याय खरा आहे, आणि मळ्यावर तो मी मानतो. रोजची गरजच इतकी थोडी, की जुलैतलं झाकोळलेलं आभाळसुद्धा ती भागवील. गल्लीत मात्र समोरच्या घराची सावली दिवसभर हटत नाही, आणि तिथं भूक वीसपट. राहिला शेवटचा मुद्दा: लाईट गेली तरी बॅटरीचा कॅमेरा चालू राहतो. कॅमेरा राहतो, राऊटर राहत नाही. महापुराचंच घ्या: पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर गेलं आणि कितीतरी भाग अंधारात राहिला. घरं सोडून गेलेल्या माणसांना नेमकं तेव्हाच दार बघायचं असतं. आतलं वायफाय मेलेलं असेल, तर कॅमेरा ते पुन्हा पुन्हा शोधण्यातच उरलीसुरली शिदोरी खातो. मेमरी कार्ड नसेल, तर मागं काहीच उरत नाही.

म्हणून दाराशी प्लग असेल, तर वायरचा कॅमेरा घ्या आणि त्याच्यासकट राऊटरलाही छोटा यूपीएस जोडा. बॅटरीचाच घ्यायचा असेल, तर आधी दारात बसून एका तासात किती जण समोरून जातात ते मोजा.