गुडघ्याची फिर्याद

ज्या बायांचे उभे आयुष्य बदनापूर-घनसावंगीच्या काळ्या रानात उकिडवे बसून खुरपण्यात आणि वाकून कापूस वेचण्यात गेले, त्यांना साठीच्या सुमारास राजूरच्या गणपतीला पायी जाणे सोडावे लागते, ते श्रद्धा उणावली म्हणून नव्हे, तर गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून. ‘गादी झिजली, आता वाटी बदला,’ असा निवाडा मग घरोघर ऐकू येतो. परंतु जिला आपण गादी म्हणतो त्या कूर्चेला मुळी मज्जातंतूच नसतात. वेदना उद्भवते ती तिच्याखालच्या अस्थीतून व सांध्याच्या आवरणातून, आणि मेंदूच्या हुजुरात तिची फिर्याद रुजू करणारे जासूद म्हणजे ‘जेनिक्युलर’ नावाचे बारीक मज्जातंतू. म्हणूनच क्ष-किरण चित्रात सारखीच झीज दिसणाऱ्या दोन रुग्णांपैकी एक लंगडतो, तर दुसरा बाजार करून येतो!

या जासुदांनाच वाटेत अडवावे, ही ‘रेडिओफ्रिक्वेन्सी’ उपचारामागील कल्पना. क्ष-किरणांच्या किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई मज्जातंतूपाशी नेऊन तिचे टोक सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत दीड-दोन मिनिटे तापवतात. सामान्यतः तीनच तंतू निवडतात. गुडघ्याच्या खालच्या बाहेरील अंगाचा चौथा बहुधा वगळतात, कारण पाऊल उचलणारी महत्त्वाची नस तेथून जवळच जाते. हे तंतू मुख्यतः संवेदना वाहणारे असल्याने पायाचे बळ सहसा शाबूत राहते.

दक्षिण कोरियातील वैद्यांनी २०११ मध्ये अवघ्या ३८ रुग्णांवर केलेल्या चाचणीत हा उपाय केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांची वेदना बारा आठवड्यांनंतर किमान निम्म्याने उतरलेली आढळली, तर नुसतीच सुई टोचलेल्या गटात असा एकही रुग्ण निघाला नाही. संख्या तुटपुंजी खरी, पण फरक लक्षणीय. पुढील चाचण्यांतूनही या उपायाला आधार मिळाला. मात्र तंतू पुन्हा वाढतात, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने फिर्याद पुन्हा दाखल होते. झीज तर मधल्या काळातही चालूच असते. वय, हृदयविकार वा अन्य कारणाने सांधेरोपण ज्यांना झेपणार नाही, त्यांच्यासाठी हा उपाय मला रास्त वाटतो. सरसकट सर्वांसाठी नव्हे.

तेव्हा वाचकहो, आधी त्याच तंतूंपाशी बधिरतेचे इंजेक्शन देऊन वेदना खरोखर उतरते की नाही, ही परीक्षा करून घ्या, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम सोडू नका, आणि परिणाम किती काळ टिकेल हे डॉक्टरांना स्पष्ट विचारल्यावाचून संमतिपत्रावर सही करू नका.