चार बोटांवरून कपाशी

कपाशीच्या फुलाचा फोटो काढायचा तर सकाळचे जेमतेम दीड-दोन तास हातात असतात. आठच्या आधी पाकळ्या पुरत्या सुटलेल्या नसतात, आणि दहाच्या सुमाराला वारा सुटला की हलत्या पाळण्यातल्या पोराच्या डोळ्यात काजळ घालायला बसल्यासारखी गत होते.

गेवराईच्या उत्तरेला, गोदावरीच्या अंगाला मामांचं रान आहे. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी आल्यापासून या पट्ट्यात ऊस वाढला, तरी मामा निम्म्या रानात कपाशीच लावतात. भाद्रपदात ती कमरेला येते. मी दोन ओळींच्या मधे, दहिवराने भिजलेल्या काळ्या मातीत उकिडवा बसतो. लेन्स जुनी, पन्नास मिलिमीटरची, हाताने फिरवायची. तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे एक्स्टेन्शन ट्यूबच्या दोन कड्या. या कड्यांमधे काचबीच काही नसतं. लेन्स कॅमेऱ्यापासून लांब सरकली की तिला जवळचं दिसू लागतं, एवढाच त्यांचा उपयोग. अपर्चर १.८ वर, म्हणजे सताड उघडं. फूल लेन्सपासून चार बोटांवर.

इतक्या जवळून चौकटीत अख्खं फूल मावत नाही. मावते एखाद्या पाकळीची कड, तिच्यामागचा उजेड, फार तर मधल्या दांड्यावरचे परागांचे दाणे. त्यातही स्पष्ट दिसणारा थर पाव मिलिमीटरचासुद्धा नसतो. त्यामुळे फोकसची कडी फिरवून काही साधत नाही. ती एकदा लावून ठेवायची आणि मग आपलं अंगच केसभर पुढे-मागे करायचं. कोपर गुडघ्यावर टेकवायचं, अर्धा श्वास सोडायचा आणि कड लख्ख होऊन पुन्हा विरघळायच्या आत बटण दाबायचं. शंभरातले नव्वद फोटो वाया जातात. पहिल्या वर्षी शंभरही गेले.

तेव्हा मला वाटायचं, सगळं धूसर केलं की झालं. काचेवर व्हॅसलीन फासून पाहिलं. चित्र नाजूक होण्याऐवजी तेलकट झालं. मग हळूहळू कळलं की धूसरपणाला टेकायला कुठेतरी एक धारदार रेघ लागते. पाकळीची एक शीर, एखादी लव. ती नसेल तर पाहणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याचा फोकस चुकला. आता मी शेजारच्या झाडाची एखादी पाकळी मुद्दाम लेन्सला जवळजवळ चिकटवतो. ती इतकी जवळ असते की दिसतच नाही, नुसता रंग सांडते. दहिवराच्या थेंबांची गोल चकाकती नाणी होतात. अपर्चर जरा मिटलं की तीच नाणी षटकोनी होतात, कारण माझ्या लेन्सच्या पडद्याला सहा पाती आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काही छायाचित्रकारांनी १९३२ मध्ये या धूसरपणाविरुद्ध ‘एफ/६४’ नावाचा गट काढला होता. ते नाव बारीक अपर्चरचं, ज्यात जवळचं-लांबचं सगळं लख्ख येतं. फुलांच्या फोटोंसाठी नावाजलेल्या इमोजेन कनिंगहॅम त्याच गटातल्या, आणि तरुणपणी त्यांनीही धूसर चित्रं भरपूर काढलेली. मला तरी या भांडणात एका बाजूला उभं राहता आलेलं नाही.

माझी खरी लालूच रंगाची. कपाशी ही जास्वंद-भेंडीची बहीण. फूल पहिल्या दिवशी सायीच्या रंगाचं असतं. संध्याकाळी त्याच्यावर लाली चढायला लागते, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं आणि मग सुकून गळतं. गळतं तेव्हा खाली कैरी धरलेली असते. म्हणजे एकाच झाडावर काल, आज आणि उद्या शेजारी लटकलेले. आजचं फूल मागे आणि कालचं पुढे धरलं की सायीत गुलाबी ओघळते. हा ओघळ पकडण्यासाठी मी तीन भाद्रपद घालवलेत.

यंदा बांधाकडच्या ओळीत एक फूल सापडलं, अर्धवट मिटलेलं. पाकळ्या एकमेकींना पीळ देऊन बसलेल्या, अगदी गुलाबाच्या कळीसारख्या. आत शिरलेला उजेड त्या पिळातून बाहेर यायला वाट शोधत होता. असं फूल मला कधी दिसलं नव्हतं. मी वीसेक फोटो काढले. एक तर असा आला की हे फूल आहे की शिंपला, कुणाला सांगता येऊ नये.

मागून मामी आल्या. “काय घावलं रे?”

मी स्क्रीन पुढे केला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, फुलाकडे पाहिलं आणि चुटकीसरशी ते तोडलं.

“अहो मामी, थांबा!”

“डोमकळी हाय ही.”

त्यांनी पाकळ्या फोडल्या. आत तपकिरी डोक्याची, पांढुरकी, तांदळाच्या दाण्याएवढी अळी. गुलाबी बोंडअळी. फुलासारखाच तिलाही गुलाबी रंग नंतर चढतो. फूल उमलायच्या आत ती कळीत शिरते आणि तोंडातल्या धाग्याने पाकळ्या आतून शिवून टाकते. मी ज्याला पीळ म्हणून वीस वेळा टिपलं होतं, ती तिची शिवण होती.

२००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीटी कपाशीलाही या अळीने पुढे दाद दिली नाही, आणि २०१७ साली मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांची बोंडं तिने पोखरून काढली. तेव्हापासून मामांच्या रानात एकरी दोन कामगंध सापळे टांगलेले असतात. सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हा हिशेब मामांना तोंडपाठ. मामींचा हिशेब डोमकळ्यांचा: शंभर फुलांत दहा भरल्या की मामांना सांगायचं.

“हिचा काढ की फोटू,” त्या म्हणाल्या. “दुकानदाराला दावायचाय.”

अपर्चर सोळावर नेलं. उजेड एकदम आटला, आयएसओ चढवावा लागला. अळी त्यांच्या तळहातावर सरकत होती आणि माझ्या चौकटीत पहिल्यांदाच जरा जास्त काही स्पष्ट आलं: अळीच्या अंगावरची वळी, मामींच्या हाताच्या भेगा, भेगांतली माती.

मग त्यांनी ओटा सोडला. त्यात सकाळपासून तोडलेल्या तीस-पस्तीस डोमकळ्या होत्या, सायीच्या, काही कडेला गुलाबी. बांधावरच्या खड्ड्यात त्यांनी त्या ओतल्या, वर वाळक्या काड्या टाकायला लागल्या. तिरपा उजेड नेमका त्या ढिगावर पडला होता. माझा हात आपसूक कॅमेऱ्याकडे गेला.

“काढायचा तर झटकन काढ,” मामी काडेपेटी चाचपत म्हणाल्या, “पेटवायच्यात.”