आबांचं बोलिंग आणि पट्टीचे खेळाडू

गेल्या डिसेंबरात आबा सांगलीहून मिसिसागाला आले. बाहेर थंडी उणे १५, गुडघा नुकताच बदललेला, तेव्हा फिरणं बंद. नातू १४ वर्षांचा. कानाला हेडफोन लावून बेसमेंटमध्ये. त्याला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीतून येतं, आणि त्याचं इंग्रजी आबांच्या कानाला फार पळतं. जेवताना, "काय रे, कसं चाललंय?" "गुड, आबा." संवाद समाप्त!

एका शनिवारी मी कपाटाच्या तळातून आमचा जुना 'वी' काढला. चिरंजीवांनी नाक मुरडलं, "बाबा, ते खरे गेम्स नाहीत."

मंडळी, हाच वाद गेमच्या कंपन्याही गेली वीस वर्षं घालताहेत. कन्सोल पट्टीच्या खेळाडूंसाठी करायचा, की चारचौघांसाठी?

नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने 'वी' आणला, तेव्हा सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० त्याहून कितीतरी ताकदवान होते. 'वी'चं चित्र हाय डेफिनिशनसुद्धा नव्हतं. पण अमेरिकेत त्याची किंमत २५० डॉलर, तर प्लेस्टेशनच्या मोठ्या मॉडेलची ६००. वर टेनिस-बोलिंगचे खेळ सोबतच! रिमोटमध्ये हालचाल मोजणारी चिमुकली चिप. हात फिरवला की चेंडू गेला. (टी.व्ही.जवळ ठेवायचा तो 'सेन्सर बार' खरं म्हणजे काहीच ओळखत नाही, त्यात नुसते इन्फ्रारेड दिवे असतात. त्याच्या जागी दोन मेणबत्त्या लावूनही भागतं. मास्टर्स करताना रूममेटच्या 'वी'वर आम्ही हा उद्योग केलाय.) असे १० कोटींहून जास्त 'वी' खपले.

गोम अशी की कन्सोलच्या धंद्यात खरा पैसा खेळांवर मिळतो. पट्टीचा खेळाडू वर्षभर नवे खेळ घेत राहतो. आपल्यासारखा माणूस सोबत आलेलं बोलिंग खेळून तृप्त! पुढे आपण सगळे फोनवर खेळू लागलो, आणि २०१२ सालचा 'वी यू' जेमतेम १ कोटी ३६ लाख खपला.

दुसरी गोष्ट आपल्या कॅनडातल्या माणसाची. डॉन मॅट्रिकने १९८२ साली, विशीच्या आतच, मित्राबरोबर बर्नबीत गेमची कंपनी काढली. १९९१ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतली. फिफाचे खेळ पुढे तिथेच बनू लागले. २०१३ साली हाच मॅट्रिक एक्सबॉक्सचा कारभार पाहत होता. मे महिन्यात नवा एक्सबॉक्स वन दाखवताना टी.व्ही.चंच कौतुक इतकं, की पट्टीचे खेळाडू खवळले. त्यात वापरलेली डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं, दर २४ तासांनी इंटरनेटची हजेरी आणि कॅमेऱ्यासकट किंमत ५०० डॉलर. प्लेस्टेशन ४ होता ४०० ला! जूनमध्ये बंधनं मागे घेतली, जुलैत मॅट्रिक कंपनी सोडून गेला. सोफ्यावरच्या कुटुंबाला बोलवायला गेले, आणि पहाटेपासून रांगेत उभं राहणारं पोरगं रुसून शेजारच्या दुकानात गेलं.

हिशेबाने पाहिलं तर मी चिरंजीवांच्या बाजूचा. जो सतत पैसे मोजतो, पहिली खुर्ची त्याची. पण कधी रिमोट न धरलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला खेळता यावं, हे इंजिनिअरिंग मला अधिक अवघड वाटतं. २०१७ च्या स्विचने दोघांनाही एका घरात नांदवलं, आणि तो १५ कोटींच्या वर गेला.

असो. आमच्या नव्या टी.व्ही.ला त्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना बसेनात. चिरंजीवांनीच कुठूनसा अडॅप्टर शोधला. आबांनी कानटोपी सावरत पहिला चेंडू टाकला तो थेट मागे! पडद्यावरचे प्रेक्षक दचकून उडाले, आबा हसू लागले, नातूही.

"बटन लेट सोडा आबा. हात सरळ." चक्क मराठीत! तिसऱ्या डावात आबांचा स्ट्राइक पडला, तसे ते आणखी जोरात हात फिरवू लागले.

"आबा, थांबा. आधी तो पट्टा हातात घाला. टी.व्ही. बाबांचा आहे."